मशीन सारखं रिस्टार्ट होतंय आणि मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला

ताई, तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मशीन असेम्बल केलेलं, चार वर्षांचं. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. दोन महिन्यांपासून ते चालता चालता पडतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं, दिवसातून चार-पाच वेळा. कधी निळा पडदा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. मेकॅनिकनं दोनदा फॉरमॅट मारला, मग रॅम बदलली, आता म्हणतो बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात तो) गेला. बोर्ड बदलायचा की मशीनच नवीन घ्यायचं, असा तुमचा प्रश्न.

अजून आठ दिवस काहीच घेऊ नका. बोर्ड खरंच गेलेला असू शकतो, इथे बसून मला ते दिसणार नाही. पण तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की ‘जास्त करून सकाळी दुकान उघडल्यावर आणि प्रिंट देताना होतं’. अख्ख्या प्रश्नात माझ्या कामाची ओळ तीच. मेकॅनिकला ती सांगितली होती का? बहुतेक नसेल, कारण त्यानं विचारलं नसेल.

मी इचलकरंजीत बावीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीची काही वर्षं मीही मशीन आलं की आधी कॅबिनेट उघडायचो. ती सवय एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसनं मोडली. त्यांचं मशीन रोज पडायचं. मी रॅम बदलली, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, विंडोज नव्यानं टाकली. दुकानात आणलं की दोन-दोन दिवस सुरळीत चालायचं, परत नेऊन लावलं की दुसऱ्या दिवशी फोन. शेवटी शरमेनं एक सकाळ त्यांच्या ऑफिसातच जाऊन बसलो. साडेनऊच्या सुमारास मागच्या शेडमधला कॉम्प्रेसर सुरू झाला, ट्यूबलाइट क्षणभर मिचमिचली आणि माझ्या डोळ्यांसमोर मशीन पडलं. वायरमननं विजेचा बोर्ड उघडला तर ऑफिसच्या लाइनीचा न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरीचं इन्सुलेशन तिथे करपून तपकिरी झालेलं. स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागली. मी त्यापायी तीन आठवडे आणि त्यांचे बरेच पैसे घालवले होते. त्या दिवसापासून मशीन ‘का’ पडतं हे मी नंतर बघतो, ‘कधी’ पडतं ते आधी विचारतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक वही. मॉनिटरशेजारी ठेवा आणि मशीन पडलं की वेळ, त्या क्षणी काय चालू होतं आणि निळा पडदा आला की नाही, एवढंच लिहा. दिवे मिचमिचले, यूपीएसनं आवाज केला, शेजारच्या दुकानात फ्रीज किंवा पंप चालू झाला, तर तेही टिपा. या नोंदींवरून बरंच कळतं. सकाळी बरं आणि दुपारी बारानंतर पडायला लागतं ते मशीन बहुधा तापतंय. उलट सकाळी तीन-चार आचके देतं आणि एकदा गरम झालं की दिवसभर चालतं, त्याच्या एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे छोटे भाग) म्हातारे झालेले असण्याचा संभव जास्त. कधीही, कशानेही पडत असेल तर रॅमकडे आणि सैल जोडण्यांकडे बघायचं.

तुमची गोष्ट सकाळची आणि प्रिंटची आहे, म्हणून थेट वीजपुरवठ्याकडे येतो. इथे थोडा वेळ घेणार आहे.

प्रिंटर लेझर आहे का आणि त्याचा प्लग यूपीएसमध्ये आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण दहातल्या सात दुकानांत मी हेच बघतो: यूपीएसच्या मागे एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्यावर सीपीयू, मॉनिटर, राउटर आणि प्रिंटर. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पावडर कागदावर वितळवून चिकटवायला फ्यूजर असतो, तो दोनशे अंशांच्या आसपास तापतो. झोपलेल्या प्रिंटरला पहिली प्रिंट दिली की फ्यूजर गार असतो आणि तो तापेपर्यंत छोटा प्रिंटरसुद्धा सात-आठशे वॅट ओढू शकतो. घराघरांत असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा. लाइट असताना काम कसंबसं भागतं, पण त्या ओढीनं व्होल्टेज खाली बसलं किंवा नेमका त्याच वेळी यूपीएस बॅटरीवर गेला, तर तो सगळ्यांचाच पुरवठा तोडतो. प्रिंटर आणि मॉनिटर सावरतात, कॉम्प्युटर सावरत नाही. सकाळची पहिली प्रिंट सगळ्यात थंड फ्यूजरवर पडते, त्यामुळे तुमच्या दोन्ही खुणा याच्याशी जुळतात. यूपीएस बनवणारे स्वतःच त्यांच्या पुस्तिकेत लिहितात की लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला लावू नका. ते पुस्तक कोणी उघडत नाही हा भाग वेगळा.

तर आजच प्रिंटर यूपीएसवरून काढा आणि भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन नको. झेरॉक्स मशीनचंही तसंच. खर्च शून्य. तुमचा प्रिंटर इंक टँकचा असेल तर मात्र हा सगळा तर्क बाद, कारण तो जुन्या पिवळ्या बल्बाएवढीही वीज घेत नाही.

यूपीएसचीही एक परीक्षा घ्या. सगळं काम सेव्ह करा, कॉम्प्युटर चालू ठेवा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. दहा सेकंदांनी चालू करा. असं पाच-सहा वेळा करा. कॉम्प्युटर एकदाही पडला, तर दोनपैकी एक गोष्ट आहे. यूपीएसची बॅटरी गेली असेल, तर बटण बंद करताच सगळंच बंद होईल. ही बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकतेच, त्यात नवल नाही. पण मॉनिटर चालू राहिला आणि फक्त कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला, तर एसएमपीएस संशयित. त्याचं कारण असं. साधा यूपीएस लाइटीवरून बॅटरीवर जायला चार ते दहा मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसनं आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस सोळा मिलिसेकंद तरी तग धरतो. चार वर्षं उन्हात-धुळीत चाललेल्या स्वस्त एसएमपीएसचा कपॅसिटर सुकलेला असतो, तो पाच-सहावरच दम टाकतो. मग एसएमपीएसकडून बोर्डाला जाणारा ‘पॉवर गुड’ हा इशारा खाली जातो (वायरींच्या जुडग्यातली ती राखाडी वायर) आणि बोर्ड स्वतःला रिसेट करतो. म्हणूनच मशीन बंद पडून राहत नाही, पुन्हा उठून उभं राहतं.

हे मल्टिमीटरवर दिसत नाही. मेकॅनिक पिवळ्या वायरीला मीटर लावतो, १२.१ व्होल्ट वाचतो आणि ‘एसएमपीएस ओके’ म्हणतो. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ चालतं हे बरोबर, पण काही मिलिसेकंदांची खळगी मीटरला पकडता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच: कोणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना घेऊन लावून बघायचा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तुमच्या मशीनला ग्राफिक कार्डाशिवाय दीडशे वॅटसुद्धा लागत नाहीत. प्रश्न वॅटचा नाही, आतल्या मालाचा आहे. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

एवढं झालं की कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाचं मागचं टोक लावून बघा. झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही किंवा तिसरी पिन नुसती शोभेची आहे. वायरमनला सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तीन पिनच्या प्लगच्या पितळी पिनांवर काळे डाग असतील तर तिथे ठिणगी पडतेय. सॉकेट बदला, कॉम्प्युटरला हात लावू नका.

आता निळ्या पडद्याचं. तो कधी कधी येतो असं तुम्ही म्हणता, म्हणून हा धागा वेगळा धरतो. नुसता ‘झटकन काळा आणि पुन्हा सुरू’ म्हणजे विंडोजला बोलायचीही संधी मिळाली नाही, पायाखालची वीज गेली. निळा पडदा म्हणजे विंडोजला काहीतरी चुकलेलं कळलं आणि तिनं स्वतःहून काम थांबवलं. अडचण अशी की विंडोज निळा पडदा क्षणभर दाखवून लगेच रिस्टार्ट करते, वाचायला वेळच मिळत नाही. ते बंद करा. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा तिथेच थांबेल. मोबाइलवर फोटो काढा, खालचा स्टॉप कोड आला पाहिजे.

त्या कोडातून सगळं कळत नाही, पण दिशा कळते. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट’वाले रॅमकडे बोट दाखवतात, पण खराब ड्रायव्हरही (एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम) तेच नाव घेऊन येतो. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरचीच तक्रार: प्रोसेसर, त्याला मिळणारं व्होल्टेज किंवा बोर्ड. एकच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रायव्हर किंवा एकच भाग. दर वेळी वेगळा कोड येत असेल तर मी रॅम किंवा वीज धरतो. प्रिंट देताना निळा पडदा येत असेल तर प्रिंटरचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून ताजा टाका. ही कविकल्पना नाही. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरवर प्रिंट देताच निळा पडदा यायचा, मायक्रोसॉफ्टला घाईघाईनं दुरुस्ती काढावी लागली होती.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, तुम्हाला कोणी दाखवला असेल तर त्यात लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. त्याला घाबरू नका आणि त्यावर विश्वासही ठेवू नका. ती नोंद मशीन पुन्हा उठल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की ‘मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं’. पंचनामा झाला, गुन्हेगार सापडलेला नाही. पण तिच्या डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ असतो. तिथे ० असेल तर निळ्या पडद्याची नोंद नाही, संशय पुन्हा विजेवर. दुसरा आकडा असेल तर निळा पडदा आला होता. त्याहून सोपं म्हणजे स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, वहीशी ताडून बघता येतात.

आणि इथेच मला त्या दोन फॉरमॅटचा राग येतो. फॉरमॅटनं या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. दुखणं कधी सुरू झालं, त्याच्या आदल्या दिवशी कुठलं अपडेट आलं, काही उरलं नाही. फॉरमॅट वाईट नाही, पण तो निदानाच्या आधी मारायचा नसतो. तसंही पहिल्या फॉरमॅटनंतर दोन दिवसांत पुन्हा तेच झालं, तेव्हा व्हायरसचा विषय संपला होता. दुसरा कशासाठी मारला ते त्यालाच ठाऊक.

विंडोज दोषी की हार्डवेअर, हे ठरवायची एक बिनखर्ची युक्ती आहे. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जचा पडदा) जा आणि तसंच तासभर सोडून द्या. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. तिथेही मशीन पडलं तर सॉफ्टवेअर निर्दोष, फॉरमॅटचं नाव काढायचं नाही. नाही पडलं तर मात्र हार्डवेअर चांगलं असं सिद्ध होत नाही, कारण तिथे मशीनवर फारसा ताण नसतो. बायोसमध्येच प्रोसेसरचं तापमान दिसतं. नुसतं बसलेलं असताना चाळीस-पन्नास ठीक, ऐंशीच्या वर असेल तर फॅन आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) बघायला हवी. आमच्याकडे यंत्रमागांच्या सुताचे तंतू फॅनखाली जाऊन बसतात, हीटसिंकवर नमद्यासारखा थर जमतो, चिमटीनं अख्खा उचलता येतो. तुमच्याकडे सूत नसेल, पण झेरॉक्सची काळी पावडर असते, ती तितकीच चिवट. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भिंगरीसारखं फिरून बेअरिंग जातं. तरी सांगून ठेवतो, फार तापलेलं मशीन आधी मंद होतं आणि मग बहुतेक वेळा बंदच पडतं. आपोआप उठून उभं राहणारं मशीन तापल्यामुळे पडलं असेल असं मला सहसा वाटत नाही.

रॅम बदलली म्हणजे रॅमचा विषय संपला असंही नाही. रॅमची नवीन काडी सदोष असू शकते, स्लॉट खराब असू शकतो. कोकणातल्या दमट हवेत काडीच्या सोनेरी दातांवर बारीक थर बसतो. पावसात चार दिवस दुकान बंद ठेवून उघडलं आणि मशीन चालूच झालं नाही, हे तुमच्या भागातले लोक मला नेहमी सांगतात. काडी काढून पेन्सिलच्या मऊ पांढऱ्या रबरानं दात हलके पुसा, चुरा झटका, दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवा. शाई खोडायचं खरखरीत रबर वापरू नका, सोन्याचा मुलामा निघतो. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर ती काडी परत करा. ‘एकच तर एरर आहे’ असं इथे चालत नाही.

अजून एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. कॅबिनेटचं रिसेट बटण आत अडकलं किंवा त्याच्या वायरी आत कुठे टेकत असतील, तर मशीन अगदी तुम्ही सांगता तसं पडतं. मेकॅनिकला बोर्डावरून रिसेटची दोन पिनांची वायर काढून ठेवायला सांगा. त्या बटणाशिवाय काही अडत नाही. माझ्याकडे वर्षाला दोन-तीन मशीन यातूनच सुटतात आणि बिल करताना माझीच पंचाईत होते.

हल्ली लोक ‘इंटेलचे प्रोसेसर खराब निघालेत’ असंही सांगतात. ती गोष्ट खरी आहे, पण तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची. २०२४ मध्ये इंटेलनं जास्त व्होल्टेजचा दोष मान्य केला, बायोससाठी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा दहाव्या पिढीचा आहे, तुमच्याशी याचा संबंध नाही.

मग बोर्ड? वीज, एसएमपीएस, रॅम, रिसेटची वायर सगळं बदलून किंवा वेगळं करून पाहिलं, बायोसमध्येही मशीन पडतंय, तर बोर्डावर यायचं. मेकॅनिकला सरळ विचारा, ‘बोर्ड गेला हे कशावरून?’ फुगलेला किंवा पाझरलेला कपॅसिटर दाखवला, प्रोसेसरच्या भोवतीचा काळवंडलेला भाग दाखवला, तर ऐका. ‘बाकी सगळं बदललं म्हणून’ असं म्हणाला, तर त्यानं एसएमपीएस बदललेला नाही हे लक्षात आणून द्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. त्यानं एकाच दिवशी रॅम, केबल आणि एसएमपीएस बदललं आणि मशीन सुधारलं, तर कशानं सुधारलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही.

माझा अंदाज विचाराल तर आधी प्रिंटर आणि यूपीएस, मग एसएमपीएस, तिसऱ्या नंबरवर रॅमचा स्लॉट. निळा पडदा हा बऱ्याचदा याच आचक्यांचा परिणाम असतो, लिहिता लिहिता वीज गेली की विंडोजच्या फायली बिघडतात. पण तो वेगळाच दोष असू शकतो, दोन दुखणी एकत्र असणं काही दुर्मीळ नाही. त्यामुळे प्रिंटर हलवल्यावर दिवसाला पाचऐवजी एकदा पडायला लागलं तर ‘फरक पडला नाही’ असं म्हणू नका, तेही वहीत लिहा.

तोपर्यंत गिऱ्हाइकांचे कागद आणि तुमचा हिशोब आज रात्रीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, असे झटके एसएसडीलाही मानवत नाहीत. आठ दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो, निळ्या पडद्याचा फोटो आणि यूपीएसच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. त्या तिसऱ्या फोटोत कुठली वायर कुठे जाते तेवढं दिसू द्या.